साध्या पाण्यात मंद न्यूट्रॉन किती काळ टिकतो?

अनुस्वार

अणुभट्टीवर मराठीत जे लेखन होते, त्यात पाण्याची दोन कामे हमखास सांगितली जातात. पाणी उष्णता वाहून नेते आणि न्यूट्रॉनांचा वेग कमी करते. मंद झालेले न्यूट्रॉन पाणी स्वतःच शोषूनही घेते, हे तिसरे काम मात्र जाता जाता एखाद्या वाक्यात उरकले जाते. वास्तविक कोणत्या भट्टीला कोणते इंधन चालेल हे बऱ्याच अंशी या तिसऱ्या कामावरच ठरते, म्हणून त्यासाठी हा स्वतंत्र धागा.

आधी माझी समजूत मांडतो. युरेनियमच्या विखंडनातून बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा सरासरी २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. पाण्यातील हायड्रोजनचे अणुकेंद्रक म्हणजे एक प्रोटॉन, आणि त्याचे वस्तुमान न्यूट्रॉनइतकेच असल्यामुळे प्रत्येक टकरीत न्यूट्रॉन आपली बरीच ऊर्जा गमावतो. सरासरी १८ टकरींत तो पाण्याच्या तापमानाशी जुळणाऱ्या ऊर्जेपर्यंत, म्हणजे सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत उतरतो. तेव्हाही त्याचा वेग सेकंदाला २,२०० मीटर असतो, पण न्यूट्रॉनांच्या जगात हा वेग मंदच समजला जातो. यानंतर तो भटकत राहतो आणि शेवटी एखादा प्रोटॉन त्याला पकडतो. दोघांचे मिळून ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, केंद्रक तयार होते आणि सुटलेली बंधनऊर्जा २२.२ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या एका गॅमा किरणाच्या रूपाने बाहेर पडते.

हे शोषण जवळजवळ संपूर्णपणे हायड्रोजन करतो. केंद्रकाचे न्यूट्रॉन पकडण्याचे सामर्थ्य आडछेदाने मोजतात आणि त्याचे एकक बार्न आहे. २,२०० मीटर वेगाला हायड्रोजनचा शोषण-आडछेद ०.३३२ बार्न आहे, तर ऑक्सिजनचा फक्त ०.०००१९ बार्न. एक घन सेंटिमीटर पाण्यातील रेणूंची संख्या विचारात घेऊन हिशेब केला, तर शोषले जाण्यापूर्वी मंद न्यूट्रॉन सरासरी ४५ सेंटिमीटर वाट तुडवतो असे उत्तर येते. परंतु पाठ्यपुस्तकांत पाण्याची ‘विसरण-लांबी’ पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास दिलेली असते. पदवीच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतो की या दोहोंतील खरा आकडा कोणता. मी जे उत्तर देतो ते बरोबर असले तरी पुरेसे वाटत नाही, म्हणून जाणकारांनी यावर लिहावे.

गणिती_आजोबा

दोन्ही आकडे खरेच आहेत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पंचेचाळीस सेंटिमीटर ही न्यूट्रॉनने प्रत्यक्ष कापलेली, पदोपदी वळणारी वाट आहे. पावणेतीन सेंटिमीटर ही लांबी न्यूट्रॉनांची दाटी स्रोतापासून दूर जाताना कशी ओसरते ते सांगते.

पाण्याच्या एका रेणूचा टकरींसाठीचा आडछेद, न्यूट्रॉन औष्णिक, म्हणजे पाण्याच्या तापमानाशी जुळणाऱ्या, वेगाचा असताना, सुमारे १०० बार्न असतो. शोषणासाठी तोच ०.६६ बार्न आहे, म्हणजे सुमारे दीडशे टकरींमागे एक पकड. दोन टकरींमधील अंतर जेमतेम ३ मिलिमीटर भरते आणि प्रत्येक टकरीनंतर दिशा बदलते. त्यामुळे ४५ सेंटिमीटर चालूनही न्यूट्रॉन, अंतरांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ काढले तर, जिथे मंद झाला तिथून सरळ रेषेत साडेसहा-सात सेंटिमीटरच दूर गेलेला असतो. विसरणाच्या सिद्धांतानुसार या सरळ अंतराचा वर्ग विसरण-लांबीच्या वर्गाच्या सहापट असतो. सहाचे वर्गमूळ २.४५, त्याला २.७५ ने गुणावे, उत्तर ६.७ येते आणि हिशेब जुळतो.

मात्र माझ्या मते या प्रश्नात अंतराला फार महत्त्व देऊ नये. महत्त्वाचा आहे तो काळ. हायड्रोजनचा शोषण-आडछेद न्यूट्रॉनच्या वेगाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे वेग निम्मा झाला तर आडछेद दुप्पट होतो. शोषणाचा दर हा केंद्रकांची घनता, आडछेद आणि वेग या तिघांचा गुणाकार असतो. आडछेदातील वेग छेदात आणि दुसरा वेग अंशात आल्यामुळे ते एकमेकांना रद्द करतात आणि वेग या हिशेबातून निघूनच जातो. म्हणूनच पाण्यातील मंद न्यूट्रॉन थोडा जलद असो वा थोडा सावकाश, त्याचे सरासरी आयुष्य तेच राहते: सुमारे २०५ मायक्रोसेकंद. मंद होण्याचा टप्पा काही मायक्रोसेकंदांत संपतो आणि बाकी सगळा काळ भटकण्यात जातो. वर्गात आधी हा आकडा सांगावा, ४५ आणि २.७५ हे मागाहून आपोआप समजतात.

पाणवठा

आजोबा, आपले विवेचन पटले, पण ‘वेगाच्या व्यस्त प्रमाणात’ हा नियम येतो कुठून? न्यूट्रॉन सावकाश चालला तर केंद्रकाजवळ जास्त वेळ रेंगाळतो, एवढेच त्यामागचे कारण आहे का? आणखी एक शंका अशी की मोकळा न्यूट्रॉन स्वतःहूनही क्षय पावतो. मग पाण्यात काही न्यूट्रॉन पकडले जाण्याआधीच विघटित होत नसतील का?

दुर्बीण

दुसऱ्या शंकेचे उत्तर लहान आहे. मोकळ्या न्यूट्रॉनचे सरासरी आयुष्य सुमारे ८८० सेकंद आहे आणि पाणी त्याला २०५ मायक्रोसेकंदांत गाठते. त्यामुळे चाळीस लाखांत एखादाच न्यूट्रॉन पाण्यात असताना क्षय पावेल. व्यवहारात हा मार्ग विसरून जावा.

पहिल्या शंकेतील तर्क दिशेने योग्य आहे, मात्र त्यात थोडी भर घालावी लागेल. मंद न्यूट्रॉनची तरंगलांबी केंद्रकाच्या आकारमानाच्या हजारो पट मोठी असते. त्यामुळे केंद्रकाजवळ काय घडते ते न्यूट्रॉन किती वेगाने आला यावर जवळजवळ अवलंबून राहत नाही. पकडीचा दर केंद्रकापाशी न्यूट्रॉन सापडण्याच्या संभाव्यतेवर ठरतो आणि तो स्थिर असतो. आडछेद काढताना या दराला येणाऱ्या प्रवाहाने, म्हणजेच वेगाने भागावे लागते, आणि तिथे वेग छेदात येतो. जिथे अनुनाद (ठरावीक ऊर्जेला पकड एकाएकी वाढणे) नाही अशा बहुतेक केंद्रकांना हा नियम लागू पडतो, हायड्रोजनला तर फारच चोख.

याहून रंजक प्रश्न असा की प्रोटॉन न्यूट्रॉनला टक्कर इतक्या सहज देतो, मग पकडताना एवढा हात आखडता का घेतो? मोकळ्या प्रोटॉनचा टकरींचा आडछेद सुमारे २० बार्न आहे आणि शोषणाचा त्याच्या साठाव्या हिश्शाएवढाच. टक्कर प्रबळ केंद्रकीय बलाने होते. पकड पूर्ण होण्यासाठी मात्र जास्तीची ऊर्जा गॅमा किरण होऊन बाहेर जावी लागते आणि ते काम विद्युतचुंबकीय बलाचे आहे, जे तुलनेने दुबळे आहे. त्यातही येथे आणखी एक अट आहे. ड्यूटेरियमच्या केंद्रकात दोन्ही कणांचे स्पिन (अंगभूत कोनीय संवेग) समांतर असतात, तर ही पकड मुख्यतः स्पिन विरुद्ध असलेल्या अवस्थेतून सुरू होते. म्हणजे एका कणाचे स्पिन उलटावे लागते आणि त्यासाठी चुंबकीय स्वरूपाचे उत्सर्जन घडावे लागते.

या एका आडछेदाने सिद्धांतिकांना बरीच वर्षे अडवून धरले होते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एवढे दोनच घटक धरून केलेले गणित मोजलेल्या किमतीपेक्षा सुमारे १० टक्के कमी उत्तर देत असे. १९७२ साली रिस्का आणि ब्राउन यांनी दाखवले की दोन्ही कणांमध्ये देवाणघेवाण होणाऱ्या मेसॉन नावाच्या कणांचे प्रवाह हिशेबात घेतले म्हणजे ही तूट भरून निघते.

अनुस्वार

दहा टक्क्यांच्या तुटीविषयी मी पूर्वी ओझरते वाचले होते, पण त्याचा पाण्याशी इतका थेट संबंध जोडला नव्हता. आजोबा, २०५ मायक्रोसेकंद हा काळ प्रयोगाने कसा मोजतात तेही कृपया लिहावे.

गणिती_आजोबा

पाण्याच्या टाकीत न्यूट्रॉनांचा अगदी अल्पकाळ टिकणारा झोत सोडतात आणि तो बंद झाल्यावर मंद न्यूट्रॉनांची संख्या कशी घटते ते पाहतात. अडचण एवढीच की मर्यादित टाकीतून काही न्यूट्रॉन निसटतात, त्यामुळे दिसणारी घट खऱ्या शोषणापेक्षा वेगवान भासते. टाकी जितकी लहान तितकी गळती जास्त. म्हणून वेगवेगळ्या आकारांच्या टाक्यांत घटीचा दर मोजतात, टाकीच्या मापांवरून ठरणाऱ्या एका राशीसमोर तो आलेखावर मांडतात आणि रेषा अनंत मोठ्या टाकीपर्यंत वाढवतात. रेषा अक्षाला जिथे छेदते तिथे शोषणाचा दर मिळतो आणि रेषेच्या चढावरून विसरणाचा गुणांक कळतो. एकाच प्रयोगातून दोन्ही राशी हाती लागतात, म्हणून ही पद्धत मला फार देखणी वाटते. काटेकोर काम करणाऱ्यांना आणखी एक दुरुस्ती करावी लागते, कारण जलद न्यूट्रॉन आधी निसटतात आणि मागे राहणारा समूह पाण्यापेक्षा किंचित थंड होतो.

किनारा

या चर्चेत आता भट्ट्यांचा इतिहास आणतो, कारण मूळ लेखात म्हटल्याप्रमाणे खरा परिणाम तिथे दिसतो.

ऑक्टोबर १९३४ मध्ये रोम येथे एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की न्यूट्रॉन मेणातून गेल्यावर चांदीत कितीतरी अधिक किरणोत्सार निर्माण करतात. त्यांनी संस्थेच्या बागेतील कारंज्याच्या हौदात तोच प्रयोग करून पाण्याचाही तोच गुण असल्याची खात्री केली. पाणी न्यूट्रॉन मंद करते हे तेव्हाच कळले. ते न्यूट्रॉन खाऊनही टाकते, याचा खरा फटका १९३९ मध्ये बसला. कोलंबिया विद्यापीठात अँडरसन, फर्मी आणि झिलार्ड यांनी मँगनीज सल्फेटच्या द्रावणाच्या टाकीत युरेनियम ऑक्साइड ठेवून एक मोजणी केली. न्यूट्रॉन जेवढे शोषले जातात त्यापेक्षा जास्त निर्माण होतात की नाही, हे त्यांना पाहायचे होते. युरेनियममधून न्यूट्रॉन भरपूर निघतात हे दिसले. तरी पाण्यातील हायड्रोजन त्यांतील इतका वाटा घेतो की नैसर्गिक युरेनियम आणि पाणी यांच्या जोडीने साखळी प्रक्रिया टिकेल याची खात्री देता येईना. त्यानंतर ते ग्राफाइटकडे वळले आणि २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत पहिली भट्टी ग्राफाइटवरच चालली.

दुसरा पर्याय जड पाण्याचा, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असलेल्या पाण्याचा होता. ड्यूटेरियमचा शोषण-आडछेद ०.०००५२ बार्न आहे, त्यामुळे रेणूमागे रेणू धरला तर जड पाणी साध्या पाण्याच्या सुमारे ५४० पटींनी कमी शोषण करते. मंद करण्याच्या कामात ते साध्या पाण्याहून मागे पडते आणि हायड्रोजनशी १८ टकरी पुरतात तिथे ड्यूटेरियमशी सुमारे २५ लागतात, पण शोषणातील फायदा या तोट्याला पार झाकून टाकतो. मात्र ते शुद्ध हवे. हजारात दोन रेणू जरी साध्या पाण्याचे राहिले, तरी एकूण शोषण सरळ दुप्पट होते. जड पाण्याच्या शुद्धतेसाठी एवढा आटापिटा का करतात ते या एका गुणाकारात दिसते.

आपल्याकडे या निवडीचे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी पाहायला मिळतात. तुर्भ्याची ‘अप्सरा’ ही संशोधनभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. ती साध्या पाण्याच्या कुंडात बुडवलेली होती आणि म्हणूनच तिला समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेले, युरेनियम लागत असे. ‘सायरस’ आणि पुढे ‘ध्रुव’ नैसर्गिक युरेनियमवर चालवायच्या होत्या, त्यामुळे त्यांत जड पाणी आले. ‘सायरस’मध्ये इंधन थंड करण्यासाठी साधे पाणीच फिरवत. ते इंधनाभोवतीच्या अरुंद वाटेतून जाई आणि त्याचे प्रमाण कमी असल्यामुळे शोषणाचा तेवढा तोटा सोसता येई. तारापूरला तर १९६९ मधील पहिल्या दोन भट्ट्या समृद्ध युरेनियम आणि साध्या पाण्यावर, व तिसरी-चौथी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या अशा आहेत. रायगड जिल्ह्यातील थळ येथे जड पाण्याचा कारखाना आहे. पाण्यात ड्यूटेरियम जन्मतःच असते, पण हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक या प्रमाणात. ते वेगळे काढण्याचा सारा खटाटोप हायड्रोजनच्या ०.३३२ बार्नांपासून सुटका मिळवण्यासाठी चालतो.

पाणवठा

किनाराजी, मग ओक्लोचे काय? गॅबनमध्ये निसर्गानेच अणुभट्टी चालवली आणि तीही साध्या भूजलावर, असे आपण सगळ्यांनी वाचलेले आहे. नैसर्गिक युरेनियम आणि साधे पाणी यांचे जमत नसेल तर तिथे कसे जमले?

किनारा

कारण तेव्हाचे नैसर्गिक युरेनियम आजच्यासारखे नव्हते. आज त्यात युरेनियम-२३५ चे प्रमाण ०.७२ टक्के आहे. या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षे आणि युरेनियम-२३८ चे साडेचारशे कोटी वर्षे आहे, म्हणजे मागे जावे तसतसे २३५ चे प्रमाण वाढत जाते. दोनशे कोटी वर्षांपूर्वी ते ३ टक्क्यांहून अधिक होते, साधारण आजच्या साध्या पाण्याच्या भट्ट्यांतील इंधनाइतके. हायड्रोजनचा हिस्सा देऊनही साखळी चालू ठेवण्याइतके न्यूट्रॉन उरत होते. तोच खडक, तेच पाणी आज एकत्र आणले तरी काही घडणार नाही.

अर्धविराम

मला एक गोष्ट खटकते. पाणी न्यूट्रॉन शोषते हे खरे मानले, तर भट्टीतील पाणी कमी झाल्यावर शोषण कमी होऊन प्रक्रिया भडकायला हवी. पण साध्या पाण्याच्या भट्ट्यांविषयी नेमके उलट सांगितले जाते, की पाण्यात बुडबुडे झाले किंवा पाणी गेले तर प्रक्रिया आपोआप मंदावते. या दोन विधानांचा मेळ कसा घालायचा?

किनारा

न्यूट्रॉन मंद करण्याचे काम आणखी कोणी करत आहे की नाही, यावर उत्तर ठरते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत ते काम एकट्या पाण्याकडे आहे. पाणी विरळ झाले की शोषण घटते हे खरेच, पण मंद होणेही घटते, आणि तिथली रचनाच अशी ठेवलेली असते की मंद होण्यातील तूट भारी पडावी. म्हणून प्रक्रिया खाली येते.

चेर्नोबिलच्या पद्धतीच्या भट्टीत मंद करण्याचे काम ग्राफाइट करत असे आणि पाणी केवळ उष्णता नेण्यासाठी नळ्यांतून वाहत असे. न्यूट्रॉनांच्या दृष्टीने ते पाणी मुख्यतः शोषकच होते. त्याची वाफ झाली की शोषक नाहीसा होई, ग्राफाइट मात्र जागच्या जागी राही, आणि प्रक्रिया वाढे. २६ एप्रिल १९८६ च्या अपघाताला इतरही कारणे होती, विशेषतः नियंत्रक दांड्यांची सदोष रचना, पण वाफ झाल्यावर शक्ती वाढण्याचा हा गुण त्यांतील एक मुख्य कारण होता. अपघातानंतर त्या प्रकारच्या भट्ट्यांत इंधनाचे समृद्धीकरण वाढवले आणि जादा शोषक बसवले, ते पाण्याच्या शोषणाचे वजन तुलनेने कमी व्हावे म्हणूनच.

आपला प्रश्न खरोखर चांगला आहे. पाण्याला ‘मॉडरेटर’ (मंद करणारा) हे एकच नाव देऊन मोकळे होणाऱ्या लेखांत याचे उत्तर सापडत नाही.

दुर्बीण

पाण्यात काही मिसळले तर हा काळ हवा तसा कमी करता येतो, तेही सांगायला हवे. नैसर्गिक बोरॉनचा आडछेद सुमारे ७६० बार्न आहे. एका लिटर पाण्यात सुमारे अर्धा ग्रॅम बोरॉन, म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास बोरिक ॲसिड विरघळवले, तर पाण्याचे एकूण शोषण दुप्पट होते आणि न्यूट्रॉनचे आयुष्य निम्म्यावर येते. उच्च दाबाच्या साध्या पाण्याच्या भट्ट्यांत प्रक्रिया आवरण्यासाठी नेमके हेच करतात.

समुद्राच्या पाण्यातही काहीसे असेच घडते. क्लोरिनचा आडछेद ३३.५ बार्न असल्यामुळे समुद्राचे पाणी गोड्या पाण्याच्या सुमारे दीडपट शोषण करते. तेलविहिरींत न्यूट्रॉनांचा झोत सोडून ते किती काळ टिकतात हे मोजण्याची पद्धत यावरच बेतलेली आहे. तेल आणि गोडे पाणी यांत हायड्रोजन सारखाच असल्याने न्यूट्रॉनांना त्यांत फारसा फरक जाणवत नाही, पण खडकात खारे पाणी असेल तर आयुष्य लगेच घटलेले दिसते.

आता माझ्या आवडीचा विषय. १९५६ मध्ये राइन्स आणि कोवान यांनी प्रतिन्यूट्रिनोचा, म्हणजे न्यूट्रिनो या कणाच्या प्रतिकणाचा, पुरावा मिळवला, तेव्हा त्यांनी पाण्यात कॅडमियम क्लोराइड विरघळवले होते. प्रतिन्यूट्रिनो पाण्यातील प्रोटॉनवर आदळला की पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आणि न्यूट्रॉन निर्माण होतात. पॉझिट्रॉनची खूण तत्काळ मिळते, आणि मंद झालेला न्यूट्रॉन कॅडमियमने पकडल्याची खूण काही मायक्रोसेकंदांनी येते. जपानमधील सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो-वेधशाळेत ५० हजार टन पाणी आहे. तिथे हायड्रोजनच्या पकडीतून निघणारा गॅमा किरण इतका क्षीण ठरे की बऱ्याच पकडी हाती लागतच नसत. म्हणून २०२० मध्ये त्या पाण्यात सुमारे १३ टन गॅडोलिनियम सल्फेट विरघळवण्यात आले. तेव्हा गॅडोलिनियमचे प्रमाण वजनाने दहा हजारांत एक एवढेच होते, तरी त्याचा आडछेद जवळपास ४९ हजार बार्न असल्याने निम्मे न्यूट्रॉन ते पकडू लागले. पकडीचा काळ २०५ वरून सुमारे ११५ मायक्रोसेकंदांवर आला, आणि या पकडीतून एकूण सुमारे ८० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण निघत असल्यामुळे खूणही ठळक झाली.

अर्धविराम

मग शेवटचे विचारतो. मंद न्यूट्रॉन साडेसहा-सात सेंटिमीटरांतच संपत असतील, तर संरक्षणासाठी कित्येक मीटर पाणी कशाला लागते?

गणिती_आजोबा

कारण मंद न्यूट्रॉन ही संरक्षणातील सोपी बाजू आहे. न्यूट्रॉनची ऊर्जा जितकी जास्त तितका हायड्रोजनचा टकरींचा आडछेद लहान. २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टला तो ३ बार्नांहून थोडा कमी आहे आणि १४० लाखांना तर १ बार्नच्याही खाली जातो. असे जलद न्यूट्रॉन पहिली टक्कर होण्यापूर्वीच दूरवर पोहोचतात आणि तिथे मंद होऊन शोषले जातात. म्हणजे भिंतीच्या जाडीचा हिशेब त्यांच्यासाठी करावा लागतो.

शिवाय शोषणाने प्रश्न मिटत नाही, त्याचे रूप बदलते. प्रत्येक पकडीमागे २२.२ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक गॅमा किरण जन्माला येतो आणि त्याची तीव्रता निम्मी करायला सुमारे १५ सेंटिमीटर पाणी लागते. सूर्यावरील मोठ्या ज्वालांच्या वेळीही हाच किरण सूर्याच्या पृष्ठालगतच्या हायड्रोजनमधून निघतो आणि १९७२ मध्ये तो उपग्रहावरून प्रथम नोंदवला गेला. इतक्या भेदक किरणासाठी बाहेरून शिसे किंवा काँक्रीट द्यावे लागते. त्यापेक्षा आधीच पाण्यात किंवा पॉलिथिलीनमध्ये बोरॉन मिसळणे बरे. बोरॉनच्या पकडीत बरीचशी ऊर्जा अल्फा कण आणि लिथियमचे केंद्रक घेऊन जातात, आणि ते दोघे जागीच थांबतात. सोबत निघणारा गॅमा किरण पावणेपाच लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचाच असतो, आणि त्याला अडवायला बरीच कमी जाडी पुरते.